तांबड्या दगडाचे गाव, तळे आणि नदी: फ्रान्सच्या कोरेझ जिल्ह्यातील आठवड्याचा मुक्काम

आमचे मालवण तालुक्यात तीन खोल्यांचे न्याहारी-निवास आहे. मिरगाचा पाऊस सुरू झाला की किनाऱ्यावरचे पर्यटक थांबतात आणि गणपतीपर्यंत आम्हाला सवड मिळते. गेल्या वर्षी या सवडीत आम्ही दोघे मुलीकडे, फ्रान्समधील तुलूझ शहरात गेलो आणि जूनच्या अखेरीस तिच्यासोबत तेथून सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला असलेल्या कोरेझ जिल्ह्यात कॉलोंज-ला-रूज या खेड्याजवळ शनिवार ते शनिवार असा पूर्ण आठवडा राहिलो. पाहुण्यांची सोय लावणे हाच आमचा उद्योग असल्याने दुसऱ्याच्या घरी उतरलो तरी माझे लक्ष बिछान्यापासून पाण्याच्या नळापर्यंत सगळीकडे जाते. त्या नजरेने जे पाहिले ते येथे लिहीत आहे. हा आठवडा मला अतिशय आवडला, हे आधीच सांगतो. मात्र ज्यांना दहा दिवसांत सहा शहरे उरकायची आहेत त्यांना तो मानवणार नाही, कारण एका जागी बसून राहण्यातच त्याचे सगळे सुख आहे.

राहण्यासाठी आम्ही ‘जीत’ घेतले होते. शेतकऱ्याने आपल्या आवारातील जुना गोठा, मांगर किंवा वडिलोपार्जित घर दुरुस्त करून आठवड्याच्या बोलीने द्यायचे आणि स्वयंपाकपाणी पाहुण्याने स्वतः पाहायचे, अशी ही पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील खेडी ओस पडू लागली होती. रिकाम्या घरांतून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे यावेत आणि शहरातील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला सुट्टी परवडावी, या हेतूने १९५१ मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात पहिले जीत उघडले आणि १९५५ मध्ये अशा घरांचा देशव्यापी संघ उभा राहिला. आपल्याकडची न्याहारी-निवास योजना याच जातकुळीची असल्यामुळे मला त्याचे विशेष कुतूहल होते.

आमचे घर म्हणजे पूर्वी अक्रोड वाळत घालायचे कोठार. दगडी भिंती दोन फुटांहून जाड, खिडक्या लहान आणि प्रत्येक खिडकीला बाहेरून लाकडी झडपा. आम्ही होतो तेव्हा दुपारी पारा ३५ अंशांवर जात होता आणि घरात पंखा नव्हता. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आम्हाला खिडकीपाशी नेऊन दाखवले की सकाळी आठला सगळ्या झडपा लावून घ्यायच्या, रात्री दहाला सूर्य मावळला की सताड उघडायच्या, भिंती रात्रभर गार होतात आणि दिवसभर तो गारवा धरून ठेवतात. आम्ही तसे केले आणि एकही रात्र उकाड्याने जाग आली नाही. चिऱ्याच्या आणि मातीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही, पण स्लॅबची घरे बांधून झाल्यावर आपण ते विसरलो आहोत, हे तेथे फार जाणवले.

या मुक्कामात खटकलेल्या गोष्टीही आहेत. ज्या संस्थेमार्फत आम्ही आरक्षण केले, तिने जाहिरातीत गाव चालत दहा मिनिटांवर असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात चढणीची पंचवीस मिनिटे लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक लहान नाही. चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेले नव्हते, त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागले. किल्ली घेऊन येणारा संस्थेचा माणूस पावणेदोन तास उशिरा आला आणि तोवर आम्ही सामानासह अक्रोडाच्या झाडाखाली बसून होतो. यांपैकी कशातही मालकीणबाईंचा दोष नव्हता. माझा सल्ला असा की आरक्षणापूर्वी घराचे नेमके ठिकाण नकाशावर पाहावे, चादरींचे विचारावे आणि निघताना घर झाडून-पुसून द्यायचे की त्याचे पैसे भरायचे, हेही लेखी ठरवून घ्यावे.

आता गावाविषयी. कॉलोंज-ला-रूज या नावातील ‘रूज’ म्हणजे तांबडे, आणि हे गाव खरोखरच पायथ्यापासून मनोऱ्यांच्या टोकापर्यंत तांबड्या दगडाचे आहे. वेशीतून आत पाऊल टाकताच सौभाग्यवतींनी एका भिंतीवर तळहात टेकवला आणि मुलीला म्हणाल्या, “अगो, ह्यो तर आपलोच चिरो!” क्षणभर मलाही तसेच वाटले. दोन्ही दगडांना रंग देणारे लोह एकच, पण जवळून पाहिले की फरक कळतो. आपला जांभा काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेला, भोके-भोके असलेला. खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. तेथील दगड वाळूचा, कणीदार आणि घट्ट, इतका की त्यावर बारीक कोरीव काम टिकते. खिडक्यांच्या चौकटींवरचे गोफ पाचशे वर्षांनंतरही बोटाने चाचपता येतात. संध्याकाळी उन्हे उतरली की भिंतींचा रंग विटकरीकडून जवळजवळ कातळासारखा काळपट होत जातो, आणि त्या अर्ध्या तासासाठी तरी येथे मुक्काम करावा असे मी म्हणेन, कारण दिवसा मोटारींतून येणाऱ्या पर्यटकांना तो दिसत नाही.

येथे गंमत अशी की दोन-तीन कोसांवर भूमीची जात एकदम बदलते. मेसाक या शेजारच्या गावाजवळून जमिनीत एक मोठा भंग गेला आहे. त्याच्या एका अंगाला तांबडा वालुकाश्म आणि दुसऱ्या अंगाला पांढरा चुनखडक. म्हणून कॉलोंज तांबडे आणि सुमारे १० किलोमीटरवरचे त्युरेन पांढरे. कॉलोंजच्या चर्चच्या दारावरची बाराव्या शतकातील अर्धवर्तुळाकार शिल्पपट्टीही अशीच पांढऱ्या दगडाची आहे, आणि तांबड्या भिंतीत ती फार उठून दिसते.

एवढ्याशा गावात इतके मनोरे आणि बुरुजांची घरे कशी, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. त्याचे उत्तर त्युरेनच्या टेकडीवर मिळते. त्युरेनचे सरदार नावापुरते फ्रान्सच्या राजाचे मांडलिक होते, पण त्यांचे स्वतःचे नाणे होते, स्वतःचा न्याय होता, आणि त्यांच्या मुलुखातील रयतेला राजाचे कर लागू नव्हते. त्या सुबत्तेच्या काळात, सोळाव्या शतकाच्या आसपास, सरदारांच्या कारभाऱ्यांनी कॉलोंजमध्ये आपापले वाडे बांधले आणि प्रत्येकाने शेजाऱ्याहून उंच मनोरा चढवला. पुढे सरदार कर्जात बुडाले आणि १७३८ मध्ये त्यांनी सारा मुलूख पंधराव्या लुईला विकून टाकला. तेव्हापासून या गावांची वाढ थांबली. आज त्युरेनच्या गडावर दोन बुरूज उरले आहेत. वर चढून गेल्यावर चारही दिशांना अक्रोडाच्या बागा दिसतात. आमच्या देशमुख-देसायांच्या वाड्यांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कथा समजायला वेळ लागणार नाही.

गाव जपले कसे गेले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९८२ मध्ये कॉलोंजचे तत्कालीन महापौर शार्ल सेराक यांनी पुढाकार घेऊन ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ ही संघटना स्थापन केली. सभासद होण्यासाठी लोकवस्ती दोन हजारांहून कमी असावी लागते, गावात संरक्षित अशा किमान दोन वास्तू किंवा स्थळे असावी लागतात, आणि नंतरही पाहणी होत राहते. दर्जा घसरला तर गाव यादीतून काढलेही जाते. आज यादीत १८० च्या आसपास गावे आहेत. परिणाम डोळ्यांना दिसतो. मोटारी गावाबाहेर पैसे भरून उभ्या कराव्या लागतात. गल्ल्यांत विजेच्या तारा लोंबकळत नाहीत. दुकानांच्या पाट्या लहान आहेत. जुन्या बाजाराच्या छपराखाली गावाची सामाईक पाव-भट्टी अजून शाबूत आहे.

त्याचबरोबर एक गोष्ट मनाला लागली. कॉलोंजची कायमची वस्ती पाचशेच्या आसपास आहे, आणि रात्री नऊनंतर गल्लीतून फिरलो तर दर दोन घरांमागे एकाच्या झडपा बंद. मालकीणबाई म्हणाल्या की त्यांपैकी पुष्कळ घरे पॅरिसकरांची किंवा परदेशी लोकांची आहेत आणि ऑगस्ट सोडला तर उघडत नाहीत. आमच्या वाडीत चाकरमान्यांच्या घरांना गणपती आणि शिमगा सोडून कुलूप असते. त्या कुलपांकडे पाहताना जसे वाटते तसेच मला तेथे वाटले. गावाचे दगड जपणे शक्य आहे, पण माणसे जपणे त्यांनाही कठीण जात आहे.

या आठवड्यातील सर्वांत मोलाची सेवा फुकट मिळाली, ती म्हणजे पायवाटा. गावाच्या वेशीवर, भिंतीच्या कोपऱ्यावर, झाडाच्या खोडावर, कधी गडग्यातल्या एखाद्या दगडावर हाताच्या बोटाएवढ्या रंगाच्या पट्ट्या ओढलेल्या असतात. वर पांढरी आणि खाली तांबडी अशी जोडी म्हणजे लांब पल्ल्याची वाट; नुसती पिवळी म्हणजे दोन-चार तासांत परत आणून सोडणारी गावची फेरी. पट्टीखाली वाकडा बाण असेल तर वळायचे, फुलीसारखे चिन्ह असेल तर ही वाट नव्हे, मागे फिरायचे. एवढ्या तीन गोष्टी कळल्या की भाषा न येणारा माणूसही रानात चुकत नाही. १९४७ पासून हे काम एका राष्ट्रीय संस्थेकडे आहे आणि चिन्हांकित वाटांची लांबी सुमारे १,८०,००० किलोमीटर झाली आहे. रंग मात्र गावोगावचे स्वयंसेवक लावतात. तिसऱ्या दिवशी आम्हाला असे दोघे वाटेत भेटले. एकाच्या हातात जुना वाळका रंग खरवडायचा ब्रश, दुसऱ्याच्या हातात पत्र्याचा लहान साचा आणि रंगाचे डबे. त्यांनी ओकच्या खोडावरचे शेवाळ घासून काढले, साचा टेकवला, दोनच फटकारे मारले आणि पुढे निघाले.

आम्ही तीन पिवळ्या फेऱ्या केल्या. सर्वांत चांगली क्यूरमाँत गावाभोवतीची. एका लांबट डोंगरकण्यावर तीन वाडे असलेले हे गाव कॉलोंजइतकेच जुने, पण निम्म्याहून कमी गर्दीचे. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुना-माती न वापरता रचलेले दगडी गडगे, त्यांच्या फटींतून सरडे, आणि चढावर पायाखाली झिजलेले सपाट दगड. आमच्याकडे वाडीतून देवळाकडे आणि देवळाकडून व्हाळावर उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या याहून कमी देखण्या नाहीत. फरक इतकाच की आमच्या पाखाड्यांवर पावसाळ्यानंतर रान माजते, आणि पाहुणा विचारतो तेव्हा मला कोणी पोरगा सोबत द्यावा लागतो.

तळ्यासाठी आम्ही ब्रीव शहराजवळच्या ‘लाक द्यु कोस’ येथे एक पूर्ण दिवस दिला. कूझ नदी अडवून केलेला हा जलाशय आहे. काठाने चालायची वाट, वल्हवण्याच्या नौका, पायडल मारायच्या होड्या, लहान मुलांसाठी आखून दिलेला उथळ भाग, अशी सगळी सोय आहे. काठाची पूर्ण फेरी आम्हाला रमतगमत सव्वादोन तासांची झाली. मला सर्वांत आवडला तो पोहण्याच्या जागेजवळचा काचेआडचा कागद. युरोपात पोहण्याच्या प्रत्येक अधिकृत जागी पाण्याची हंगामभर तपासणी करून निकाल तेथेच लावणे बंधनकारक आहे. कोणत्या तारखेला नमुना घेतला, विष्ठेतून येणारे दोन प्रकारचे जिवाणू किती आढळले आणि त्यावरून पाणी कसे ठरते, हे त्या कागदावर तिघांनाही सहज वाचता आले. जीवरक्षक मात्र त्या दिवशी नव्हते, कारण त्यांचा हंगाम जुलैपासून, आणि तशी पाटीही लावलेली होती. पोहता न येणाऱ्यांनी जूनमध्ये हे लक्षात ठेवावे.

त्या काठावर बसलो असता धामापूरच्या तळ्याची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. १५३० मध्ये बांधलेले, भगवती देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येणारे आमचे तळे वयाने आणि रूपाने त्या जलाशयाहून कितीतरी थोर आहे, आणि जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून २०२० मध्ये त्याचा गौरवही झाला. रूपात लाक द्यु कोस त्याच्या जवळपासही येत नाही. तरीही आमच्या पाहुण्याने “पाणी कसे आहे?” असे विचारले तर मी अंदाजाने उत्तर देतो, आणि तेथे त्याचे उत्तर कागदावर असते.

नदीचा दिवस बोलिउ-सुर-दोर्दोन्य येथे. दोर्दोन्य नदीचे सगळे खोरे २०१२ मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केले आहे. पाणी इतके नितळ की कनू होडीतून तळाचे गोटे मोजावेत. वरच्या गावी होडी ताब्यात घ्यायची, प्रवाहाबरोबर वल्हवत खाली यायचे आणि होडीवाल्यांच्याच गाडीने परत जायचे, असा रिवाज आहे. आम्ही खाडीकाठची माणसे असल्याने होडीची भीती नव्हती, पण नदीची शिस्त वेगळी आहे हे समजून घ्यावे. आपल्याकडे पाणी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने चढते-उतरते. येथे ते धरणांच्या जनित्रांनुसार चढते. आर्जांता गावाच्या वरच्या अंगाला गेल्या शतकात बांधलेली पाच मोठी धरणे आहेत, आणि विजेची मागणी वाढली की निरभ्र आकाशाखालीही नदी अचानक फुगू शकते. काठावर तसे इशाऱ्याचे फलक जागोजागी आहेत. म्हणून नदीतल्या रेतीच्या बेटावर डबा उघडून निवांत बसू नये.

ज्यांच्याकडून आम्ही होडी घेतली त्यांच्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. तरंगजाकीट देताना त्यांनी माप पाहिले नाही. सौभाग्यवतींना दिलेले इतके सैल होते की पट्टा शेवटच्या छिद्रात घालूनही ते खांद्यावरून वर सरकत होते, आणि मुलीने फ्रेंचमध्ये दोनदा सांगितल्यावर ते बदलून मिळाले. मालवणात जलक्रीडांच्या होड्यांवर असा हलगर्जीपणा दिसला तर मी पाहुण्याला खाली उतरवतो. तरंगजाकीट घालून, दोन्ही खांद्यांना धरून कोणाकडून तरी वर ओढून पाहावे आणि हनुवटीपर्यंत आले तर बदलून मागावे.

वल्हवताना मुलीने सांगितलेली माहिती येथे नोंदवण्यासारखी आहे. या नदीतून पूर्वी ‘गाबार’ नावाच्या सपाट तळाच्या होड्या ओकचे लाकूड आणि द्राक्षवेलींना आधाराला लावायचे खुंट घेऊन खालच्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात जात. पाणी पुरेसे चढलेले असे तेव्हाच हा प्रवास शक्य होता आणि उलट्या प्रवाहात होडी परत आणणे परवडत नसे, म्हणून वरच्या गावांच्या पुष्कळ होड्या पोहोचल्यावर मोडून लाकडाच्या भावाने विकल्या जात आणि तांडेल पायी घरी येत. बोलिउच्या धक्क्यावर उभे राहिल्यावर मला देवगड-विजयदुर्गाकडच्या गलबतांचे दिवस सांगणारे आजोबा आठवले.

रोकामादूर आणि पादिराक या दोन प्रसिद्ध जागा तासाभराच्या अंतरात आहेत. रोकामादूरला कड्याला चिकटलेली देवळे आणि २१६ पायऱ्यांचा जिना. यात्रेकरू तो गुडघ्यांवर चढत असत, आज उद्वाहकही आहे. पादिराक म्हणजे जमिनीत ७५ मीटर खोल गेलेले विवर, ज्यात १८८९ मध्ये गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल प्रथम उतरला. तळाशी भुयारी नदीतून होडीने नेतात आणि आत बारमाही १३ अंश तापमान असते, म्हणून उन्हाळ्यातही स्वेटर घ्यावा. तिकीट आधीच काढून ठेवावे. दोन्ही जागा पाहण्यासारख्या आहेत, पण गर्दीमुळे त्या दिवशी आम्हाला आपल्या अक्रोडाच्या झाडाखाली कधी परत जातो असे झाले होते.

जेवणाचे सांगायचे तर शाकाहारी माणसाने स्वयंपाकघर असलेलेच घर घ्यावे, कारण हा बदकाचा मुलूख आहे आणि खाणावळींत त्याविना फार थोडे मिळते. समुद्राची मासळी मिळते, पण आमच्या जिभेला ती शिळी वाटली. नदीतला ट्राउट मात्र उत्तम. मालकीणबाईंनी एका सकाळी आम्हाला ‘तुर्तू’ करून घातले. कुट्टूचे पीठ रात्री थोडे खमीर घालून भिजवलेले, सकाळी वर बुडबुडे आलेले. आपण अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतो. बाईंनी काट्याला अर्धा बटाटा टोचला आणि तसाच फिरवला. पीठ डावाने मधोमध ओतून गोल पसरले, जाळी पडली, उलटले, आणि ताटात आली ती हुबेहूब काळसर आंबोळी. सौभाग्यवतींनी सोबत नेलेली सुक्या खोबऱ्याची चटणी पुढे केली. बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि त्यानंतर रोज सकाळी आमच्या उंबऱ्यावर काही ना काही ठेवलेले असे: कधी काळ्या चेरी बियांसकट घालून भाजलेला ‘क्लाफुती’, कधी शेळीच्या दुधाच्या चीजची बोटभर जाडीची चकती.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. शेंगेन व्हिसाचे शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आम्हाला घराचे सात रात्रींचे भाडे ६२० युरो पडले, म्हणजे तिघांत वाटले तर मुंबईतील साध्या हॉटेलपेक्षा महाग नाही. पॅरिसहून ब्रीवपर्यंत रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास लागतात, तुलूझहून त्याच्या निम्मे. पुढे मात्र गाडीवाचून इलाज नाही. बस क्वचित आहे आणि सायंकाळी नाहीच. दुकाने दुपारी बारा ते दोन बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही बंद, तेव्हा शनिवारी उतरताच पीठ, दूध, भाजी भरून ठेवावी. मे-जून किंवा सप्टेंबर हे दिवस उत्तम. ऑगस्टमध्ये जाऊ नये.

परत येताना घ्यायची एकच वस्तू सुचवतो, ती म्हणजे गावातल्या घाण्यावरचे अक्रोडाचे तेल. शेजारच्या पेरिगोर प्रांताच्या अक्रोडाला २००२ पासून भौगोलिक नामाचे संरक्षण आहे आणि त्या क्षेत्रात कोरेझचा भागही येतो. बाटली सामानात कपड्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवावी, विमानात हातात नेता येत नाही. हे तेल तापवायचे नसते आणि आपल्या हवेत फार लवकर खवट होते, म्हणून घरी पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवावे. आमची बाटली काकडीच्या कोशिंबिरीवर थेंब-थेंब घालत गणपतीपर्यंत पुरली.